पहिली फेरी

बाबा गेल्याची बातमी मला त्यांच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी फोनवर दिली, आणि बातमी सांगून झाल्यावर म्हणाले, "लिफ्ट बंद आहे, जिन्याने या." तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलले. पण पुढे जे झालं ते सगळं त्या बंद लिफ्टपायीच झालं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करत. त्याआधी ते सैन्यात होते. सैन्यात होते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच बंदूक येते. बाबांनी बंदूक शिकण्यापुरतीच चालवली असावी. त्यांचं काम पॅराशूटची घडी घालण्याचं. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, कुठे पीळ राहू द्यायचा नाही, आणि शेवटी सगळं दाबून पाठीवरच्या पिशवीत बसवायचं. उडी मारणारा जवान वेगळा आणि घडी घालणारा वेगळा. पण त्यांच्या तुकडीत एक रीत होती. साहेब मनात येईल तेव्हा यायचे, मांडणीवरची कुठलीही पिशवी उचलायचे आणि ती ज्याने बांधली असेल त्याला म्हणायचे, "चल, ही घाल आणि मार उडी." नाही म्हणायची सोय नव्हती.

"म्हणून तिथे कोणी हयगय करत नसे," बाबा सांगायचे. "दुसऱ्याचा जीव म्हटला की हात थोडा सैल पडतो. आपला म्हटला की पडत नाही."

सैन्यातून आल्यावर ते लिफ्टच्या कामाला लागले, आणि ही रीत तिथेही घेऊन आले. कुठलीही लिफ्ट दुरुस्त झाली की तिच्यातून पहिली फेरी त्यांची. एकट्याची. वरच्या मजल्यावर आत शिरायचं, प्रत्येक मजल्यावर थांबायचं आणि तळाला उतरायचं. तोवर तळमजल्याच्या दाराला लाल फडकं बांधलेलं असायचं. ते फक्त त्यांनी सोडायचं. बायका भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळत, पुरुष घड्याळं बघत, आणि बाबा आत ताठ उभे राहून परेडला निघाल्यासारखे वरून खाली येत. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "फौजी, पेढे वाटा आता, सुखरूप पोचलात!" बाबा म्हणाले, "पोचलो म्हणूनच तुम्हाला चिडता येतंय."

घरातही तेच. माझी नवी सायकल आधी त्यांनी चालवली. लहान मुलीची सायकल, गुडघे हनुवटीला लागताहेत आणि हा मिशीवाला माणूस गल्लीत चकरा मारतोय. पोरं खिदळत होती आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बागेतल्या झोक्यावर आधी ते बसत. माझं कडू औषध आधी ते चाखत आणि माझ्याआधी तोंड वाकडं करत. माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाच्या स्कूटरवर मागे बसून ते गावभर फिरून आले. आई दारातच उभी होती. "कसा वाटला?" तिने विचारलं. "ब्रेक वेळेवर मारतो," बाबा म्हणाले. लग्न झालं.

लोक म्हणतात, केवढी ही माया. माया होतीच, कोण नाही म्हणतंय? पण त्या मायेने मला भित्री करून ठेवलं, हेही खरं. प्रत्येक गोष्टीत आधी बाबा शिरायचे, म्हणजे त्या गोष्टीत शिरण्यात काहीतरी धोका आहे, असंच माझ्या डोक्यात बसलं. मी औषधांच्या दुकानात काम करते. एकेका पाकिटावरचं नाव इतक्या वेळा वाचते की मालक मला 'भिंगवाल्या बाई' म्हणतात. घरी गॅस बंद केल्यावर मी परत जाऊन बघते, आणि बघून आल्यावर खरंच बघितलं का, हे बघायला पुन्हा जाते. नवरा हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मी एकदा बाबांना विचारलं होतं, "उडी मारताना भीती वाटायची का हो?"

"उडी मारताना कसली? तिथे विचार करायला वेळ कुठे असतो?" ते म्हणाले.  "खाली उभं राहून दुसऱ्यांच्या छत्र्या उघडायची वाट बघताना वाटायची. आपण बांधलेली कुठली, ते खालून कळत नाही ना."

एखादी कधी उघडली नव्हती का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आईबाबा राहत ती इमारत जुनी, सहा मजल्यांची. लिफ्टही जुनीच, ओढायच्या जाळीच्या दारांची, बाहेरून आतले दोर दिसणारी. बाबा कामातून निवृत्त झाले तरी त्या लिफ्टला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी ते गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत ब्रेकचं काम करत होते. आईने थर्मासमध्ये चहा भरून दिला होता. जेवायची वेळ टळून गेली तरी ते खाली आले नाहीत, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी वर गेली. बाबा भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं. शेजाऱ्यांनी त्यांना खाली आणलं आणि कोणीतरी मोटरच्या खोलीला कडी घातली.

आई रडली नाही. लोक येत होते, जात होते, ती सगळ्यांना बसा म्हणत होती. मी तिच्याजवळ राहिले होते. ती मला एकच गोष्ट विचारायची. भाजी निवडताना विचारायची, कपडे वाळत घालताना विचारायची.

"मला हाक मारली असेल का गं त्यांनी? मी मिक्सर लावला होता. काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं."

"अगं, डॉक्टर म्हणाले ना, क्षणात झालं."

"डॉक्टर काय, सगळ्यांनाच तसं सांगतात."

 माझ्याही मनात तेच येत होतं. तो खुर्चीवर चढून दिवा बदलणारा, सगळ्या जगाच्या आधी पुढे होणारा माणूस वर एकटा घाबरला असेल, आम्हाला बोलावत असेल, आणि खाली चटणी वाटली जात असेल. डोळे मिटले की मला तेच दिसायचं. मग मी डोळे मिटायचंच टाळू लागले.

इकडे इमारतीतल्या लोकांचा जीव जिन्यावर निघत होता. पाचव्या मजल्यावरची सून पोटुशी, दिवस भरत आलेले. तिचे सासरे धापा टाकत प्रत्येक मजल्यावर टेकायचे. सेक्रेटरी आमच्या दारात येऊन आधी चेहरा पाडायचे, मग घसा साफ करायचे.

"फौजींनी काम केलंय म्हणजे झालंच असणार. खटका वर केला की सुरू. करू का?"

"त्यांनी फेरी मारलेली नाही," मी म्हणायचे. "फडकं आहे ना दाराला?"

"अहो, फडकं सोडायचं राहून गेलं, दुसरं काय!"

गंमत बघा, सगळी इमारत हेच म्हणत होती. काम अर्धवट असेल असं कोणाच्या मनालाही शिवलं नाही. बाबांचा लौकिकच तसा. त्यांनी हात लावला म्हणजे काम झालं. त्यांनीच जन्मभर सांगितलं होतं की फेरी मारल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही, ते मात्र सोयीस्करपणे सगळे विसरले होते.

मी दोरीकाकांना निरोप धाडला. दोरीकाका म्हणजे बाबांचे सैन्यातले जोडीदार. तिथे पॅराशूटच्या दोऱ्या त्यांच्याकडे असत, म्हणून हे नाव. पुढे लिफ्टच्या कामातही दोघे बरोबर होते. ते मुलीकडे परगावी गेले होते. "उद्या येतो," म्हणाले. "तोवर कोणाला हात लावू देऊ नकोस. तुझा बाप असता तर त्यानेही लावू दिला नसता." मी सेक्रेटरींना तसं बजावलं. त्यांनी तोंड फुगवलं, पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईच्या गुडघ्यांचं मलम आणायला खाली गेले. परत आले तर इमारतीच्या दारातच पाय थबकले. वर मोटर चालू होती. लाल फडकं दाराला होतं तसंच होतं, आणि जाळीपलीकडे दोर सरकत होते.

मी सेक्रेटरींच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. ते तोंडातला घास गिळत बाहेर आले.

"कोणाला विचारून चालू केली?"

"मी?" त्यांचे डोळे मोठे झाले. "आईशपथ, मी नाही. मी तर जेवतोय!"

मग वर कोण? पाचव्या मजल्यावरची सून तर नसेल? आईला विचारावं, तिने कोणाला बघितलं का, म्हणून मी तिला फोन लावला. वाजू लागला तो लिफ्टच्या बोगद्यात. आईच्या फोनची ती किरकिरी धून कुठूनतरी वरून, जाळ्याजाळ्यांतून गाळून आल्यासारखी ऐकू येत होती, आणि हळूहळू खाली सरकत होती.

 "आई!" मी ओरडले. "आई, थांब! उतर तिथेच!" माझाच आवाज बोगद्यात घुमून परत आला. धून बंद झाली. लिफ्ट एका मजल्यावर थांबली. मला वाटलं, ऐकलं वाटतं. पण जाळी उघडल्याचा आवाज आला नाही, आणि दोर पुन्हा सरकू लागले. प्रत्येक मजल्यावर थांबायचं. रीत म्हणजे रीत.

जिन्याने धावावं तर ती मला ओलांडून खाली येणार. थांबावं तर नुसतं बघत राहायचं. मी जाळी दोन्ही मुठींत धरली आणि वर बघत राहिले.  सेक्रेटरी शेजारी उष्ट्या हाताने उभे होते आणि सारखं "काही नाही होणार, काही नाही होणार" म्हणत होते. त्यांना तेव्हा गप्प करावं इतकंही त्राण माझ्यात नव्हतं.

आधी लिफ्टचा तळ दिसला, मग आईच्या चपला, मग आई. दोन्ही हात शरीराला चिकटवून, ताठ. चेहरा पांढराफटक. लिफ्ट जमिनीपासून वीतभर वर थांबली आणि वर कुठेतरी लांब, किळसवाणं करकरलं.

"उतर, आई. लवकर उतर."

"ओरडू नकोस. उतरतेय." तिने आतली जाळी ओढली, मी बाहेरची. मी तिचा दंड धरून तिला जवळजवळ खेचूनच घेतलं. ती अडखळली, सावरली, आणि पहिलं काम काय केलं, तर दाराच्या फडक्याच्या गाठीला हात घातला. फेरी झाली, आता फडकं सोडायचं.

"वहिनी," सेक्रेटरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ते बघा."

दारं उघडी होती. आत कोणी नव्हतं. कोणी बटण दाबलं नव्हतं. आणि लिफ्ट वर सरकत होती. मोटरचा आवाज नाही, काही नाही. रिकामी लिफ्ट आपल्याआपण, अगदी सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत वर चालली होती. पुढे पुरुषभर उंचीवर ती करकरून अडकली. तिच्याखाली काळा खड्डा उघडा पडला होता.

आईने गाठीवरचा हात काढून घेतला. सेक्रेटरींनी धावत जाऊन बाक ओढून आणला आणि दाराला आडवा टाकला. जेवणाचा हात त्यांनी तसाच शर्टाला पुसला.

मग माझी भीती रागात उलटली. "तुला वेड लागलंय का? खटका कोणी टाकला?"

"मी टाकला. गच्चीवर जाऊन." ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. "ते बसले होते तिकडे बघितलं नाही. डोळे मिटल्यासारखे करून दांडा वर केला आणि खाली आले."

"पण का? दोरीकाका येणारच होते ना आज?"

"सकाळी त्या सुनेचे सासरे म्हणत होते, आता हिला जिना झेपत नाही, काही झालं तरी चालू करायला लावतो. त्या पोरीला बसवलं असतं गं कोणीतरी. पहिली फेरी त्यांची होती. ते नाहीत, तर मग माझीच ना?"

"आणि लिफ्ट कोसळली असती तर?"

"तर ती पोर वाचली असती," आई म्हणाली.

दोरीकाका तासाभरात आले. आमची हकीकत ऐकताना त्यांनी पाण्याचा पेला हातातच धरून ठेवला, प्यायले नाहीत. "हलकी लिफ्ट खाली पडत नाही," ते मला हळूच म्हणाले. "दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी लोखंडी वजन असतं, ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. ब्रेक सुटला की ते खाली जातं आणि लिफ्टला वर ओढून नेतं. पार छतापर्यंत." मला हे कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

आम्ही जिना चढलो. आईला नको म्हटलं तरी ती आलीच, प्रत्येक पायरीला कठड्यावर जोर देत. मोटरच्या खोलीची कडी काढताना दोरीकाका क्षणभर थांबले. मग आत जाऊन त्यांनी आधी खटका पाडला, विजेरी लावली आणि ब्रेकवर वाकले. मी दारातच उभी होते. मला आत जायचं नव्हतं. बाबा टेकले होते ती भिंत मला कोणी दाखवायची गरज नव्हती, तिथे थर्मास तसाच उभा होता.

दोरीकाकांनी ब्रेक सगळ्या अंगांनी न्याहाळला. मग कमरेत सरळ झाले आणि त्यांनी आईकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"वहिनी, ह्यात बसलात तुम्ही?"

"काय झालं?"

"ब्रेकला दोन बाजू असतात. एक बाजू त्याने पुरी केली होती. दुसरीची स्प्रिंग हाताने जागेवर ठेवलीय फक्त. तिच्यावर नट बसतो, आणि तो सुटू नये म्हणून वर दुसरा नट." त्यांनी विजेरी फिरवली. "दोन्ही नट लावलेलेच नाहीत. काम अर्ध्यावर आहे. एका बाजूवर आलात तुम्ही खाली."

मी दाराची चौकट धरली. मला वाटलं आता आई मटकन खाली बसेल. ती दोरीकाकांच्या विजेरीकडे बघत होती. मोटरच्या ओट्यावर, ब्रेकच्या मागच्या अंगाला, थर्मासचं झाकण उताणं ठेवलेलं होतं. त्यात दोन नट आणि त्यांचे वॉशर ज्या क्रमाने बसवायचे त्या क्रमाने मांडलेले. शेजारी घडी घातलेल्या रुमालावर पाना, तेलाचा एक डाग नसलेला.

"हे असं कोणी ठेवलं?" आईने विचारलं.

"त्यानेच. दुसरं कोण ठेवणार?"

"म्हणजे काय झालं असेल? मला नीट सांगा, भाऊजी."

"काय होणार? चहाला थांबला असेल. मध्ये थांबायचं असलं की असंच मांडायचा तो. परत येऊन नुसता हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागावी म्हणून."

"घाईत नाही?"

"घाईत?" दोरीकाकांनी पान्याकडे बोट दाखवलं. "छातीत दुखतंय, जीव घाबरा झालाय, असा माणूस पाना पुसत बसतो का, वहिनी?"

आई भिंतीपाशी गेली. वाकून थर्मासशेजारचा पेला तिने उचलला. त्याच्या तळाशी चहाची वाळलेली तांबूस खूण होती.

"प्यायले होते," ती म्हणाली. "चहा पूर्ण प्यायले होते." मग माझ्याकडे वळली. "अगं, मग हाक नसेल मारली त्यांनी. जरा टेकले, चहा प्यायले. उठून दोन नट लावायचे आणि जेवायला यायचं, असंच चाललं असेल ना मनात?"

"हो," मी म्हटलं. "तसंच असेल."

"घाबरले नव्हते."

"नाही, आई."

ती त्याच जागी, तशीच भिंतीला टेकून बसली आणि रडू लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याजवळ जाऊन बसले.  त्या एका बाजूवर खाली आलेली ही बाई माझ्या खांद्याला टेकून रडत होती, उबदार, जड, आणि मला तिचा हात सोडवत नव्हता.

दोरीकाकांनी मान फिरवली. झाकणातला पहिला नट उचलला आणि ते ब्रेककडे वळले.

"भाऊजी, थांबा," आई म्हणाली.

ते थांबले.

"लावा, लावायला तर हवाच. पण आत्ता लगेच नको. तो लावलात की त्यांचं काम संपलं."

दोरीकाकांनी नट होता त्या जागी परत ठेवला, विजेरी विझवली आणि आमच्यासमोर जमिनीवर बसले. खालून सेक्रेटरींनी जिन्यातून ओरडून विचारलं, झालं का म्हणून.